वाईट गल्लीतलं चांगलं घर

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी एसटीत राहिले, असं म्हटलं तर ते फार खोटं होणार नाही. भाड्याचं घर परभणीत, नवऱ्याचं ऑफिसही परभणीतच. माझी शाळा मात्र येलदरीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. सकाळी जिंतूरपर्यंत एसटी, तिथून पुढं काळीपिवळी जीप, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. याला आमच्याकडं अपडाउन म्हणतात. ‘मॅडम राहतात कुठं?’ असं कुणी विचारलं तर ‘अपडाउन करतात’ एवढं उत्तर पुरतं. त्यावर पुढं कुणी काही विचारत नाही.

जिंतूरला घर घ्यावं ही कल्पना नवऱ्याची. जिंतूर दोघांच्याही मध्ये पडतं, म्हणजे तूही निम्मं जाशील आणि मीही निम्मं, असं तो म्हणाला. इतका समतेचा विचार नवऱ्याला सुचावा याचं मला कौतुक वाटलं. जिंतूरला जागा परभणीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, हे त्यानं दोन दिवसांनी सांगितलं.

त्याचा एक सिद्धांत होता. घर बघायचंच नसतं, वस्ती बघायची असते. आणि वस्तीही अशी शोधायची, की जी चांगली आहे पण लोकांना अजून ते कळलेलं नाही.

“लोकांना कळलं नाही ते आपल्याला कसं कळणार?” मी विचारलं.

“शोधलं की कळतं,” तो म्हणाला, आणि शोधायला लागला.

सल्ल्याला तोटा नव्हता. माझ्या बसमध्ये जिंतूरची माहिती असलेले निम्मे लोक होते आणि माहिती नसूनही बोलणारे उरलेले निम्मे. प्रत्येकजण गाव कोणत्या बाजूला वाढणार हे छातीठोकपणे सांगायचा. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ज्याचा प्लॉट ज्या बाजूला, त्या बाजूला गाव वाढत होतं. भाड्यानं राहणाऱ्यांच्या मते गाव कुठंच वाढणार नव्हतं.

शेवटी एक एजंट मिळाला. त्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. पेरण्या उरकल्या की तो प्लॉट विकायचा. दर रविवारी आम्ही जिंतूरला उतरायचो आणि तो आम्हाला जीपमध्ये घालून हिंडवायचा. “सायब, जिंतूर इकडंच वाढायलंय बगा,” हे त्याचं आवडतं वाक्य. पहिल्या रविवारी हे वाक्य त्यानं उगवतीकडं हात करून म्हटलं, पुढच्या रविवारी मावळतीकडं.

आधी त्यानं आम्हाला गावातली नावाजलेली कॉलनी दाखवली. रुंद रस्ते, मोठाली गेटं, प्रत्येक गेटवर संगमरवरी पाटी आणि प्रत्येक गेटला कुलूप. मालक पुण्याला मुलांकडं, नाहीतर संभाजीनगरला. शेजार कसा आहे ते विचारावं म्हटलं तर विचारायला शेजारीच नव्हता. भाव ऐकून नवरा म्हणाला, “ही वस्ती लोकांना कळलेली आहे.” आम्ही परत फिरलो.

मग गावाबाहेरचं नवं प्लॉटिंग. स्टँडपासून पाच मिनिटं, असं एजंट म्हणाला. ती पाच मिनिटं जीपची होती, तीही रिकाम्या रस्त्यावरची. पांढऱ्या दगडांनी रेषा आखल्या होत्या, मधोमध ‘बगीचा’ अशी पाटी होती आणि पाटीच्या मागं तूर उभी होती. ज्यानं जमीन विकली होती तोच शेतकरी अजून तिथं पेरत होता.

“बगीचा कुठं आहे?” मी विचारलं.

“हिरवं दिसायलं न्हाई का मॅडम?” एजंट म्हणाला. “आणिक वरून शेंगा बी.”

पाण्याचं विचारलं तर बोअर मारा म्हणाला. शाळेचं विचारलं तर होणार हाय म्हणाला. भाव मात्र स्वस्त होता. नवऱ्यानं तिथं उभं राहून डोळे बारीक केले, तुरीच्या जागी त्याला बाकं, घसरगुंडी आणि संध्याकाळी फिरणारी माणसं दिसायला लागली असावीत. मी घाईघाईनं म्हटलं, “अजून काही आहे का दाखवायला?”

एजंटानं डोकं खाजवलं. “एक घर हाय गावात. पन तुमी घेनार न्हाईत.”

“का?”

“बघाया लय जन येतात. घेत कुनीच न्हाई.”

नवऱ्याचे डोळे चमकले. आपण शोधतोय ती वस्ती हीच, हे त्यानं घर न बघताच ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी आम्ही ते घर बघितलं. स्टँडपासून खरोखर चालत जाण्यासारखं. अरुंद पण झाडलेली गल्ली, तोंडाशी कडुनिंब, दारं उघडी, दारांपुढं ओटे आणि ओट्यांवर माणसं. घर साधंच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोकळं अंगण, मागच्या दारानं जाता येईल अशी एक वेगळी खोली, वर स्लॅब. भिंतीला कुठं ओल नाही. आणि जो भाव सांगितला त्यात त्या कॉलनीतलं नुसतं गेट आलं असतं.

मालकीण पुण्याहून खास आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. नवरा वारल्यावर मुलानं त्यांना पुण्याला नेलं होतं. आम्ही त्यांना मावशी म्हणायला लागलो. किल्ली त्या कुणाकडंच ठेवत नव्हत्या. गिऱ्हाईक आलं की स्वतः यायच्या, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघून सकाळी उतरायच्या.

मावशी मागच्या खोलीची किल्ली शोधायला आत गेल्या आणि शेजारच्या ओट्यावरून हाक आली, “घर घ्यायलाव का मॅडम?”

उंच, काटक, पांढऱ्या केसांची म्हातारी. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणत होती.

“बघायलोय,” मी म्हटलं.

“बगा बगा. बगायला काय जातंय.” त्यांनी आवाज खाली आणला. “पन माय, ही गल्ली चांगली न्हाई.”

“का हो?”

“एक हाय का? पानी तर इचारूच नका. नळ कवा येतो ते नळाला बी ठावं न्हाई. कुत्री हायत. पावसाळ्यात जनावर निघतंय, हे एवढं. आन लोक? लोक तर लय वंगाळ.”

“तुम्ही कधीपासून राहता इथं?”

“मी व्हय? नवरी हून आले ते हितंच हाव.”

त्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या मागं हौद भरून वाहत होता आणि एका शेजारणीनं येऊन त्यांच्या पुढ्यात फोडणीच्या चुरमुऱ्यांची, म्हणजे सुशीलाची, वाटी ठेवली. शेजारीण गेल्यावर काकू म्हणाल्या, “बगितलंव का? असं येतात सारके. जिवाला चैन न्हाई.”

परतीच्या बसमध्ये नवरा खुशीत होता. “राहणाराच नावं ठेवतो म्हणून भाव पडलाय. यालाच संधी म्हणतात.”

“पण त्या नावं का ठेवतात?”

“म्हाताऱ्या माणसाला सवय असते,” तो म्हणाला. माझंही तेच मत झालं.

आम्ही होकार कळवला आणि अडचणींना सुरुवात झाली. मावशी पुन्हा आल्या. म्हणाल्या, अंगणातली तुळस हलवायची नाही. आम्ही म्हटलं, नाही हलवणार. त्या पुण्याला गेल्या आणि पुन्हा आल्या. म्हणाल्या, घरात मटण-मासळी शिजवायची नाही. नवरा येलदरीच्या मासळीवर जीव टाकणारा माणूस. त्यानं क्षणभर आढ्याकडं बघितलं आणि हो म्हणाला. मग देवळी बुजवायची नाही, मागचं दार बंद करायचं नाही, पुढच्या दाराचा रंग बदलायचा नाही. आम्ही सगळ्याला हो म्हणत गेलो. आमच्या प्रत्येक होकाराबरोबर मावशींचा चेहरा उतरत होता.

“तुमी लय लवकर हो म्हनताव,” एकदा त्या जरा रागानंच म्हणाल्या. “आदीचे लोक भांडायचे तरी.”

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी जिंतूरला उतरले तर परभणीची बस गेलेली. पुढचीला वेळ होता. मावशी दोन दिवसांपूर्वीच पुण्याला गेल्याचं एजंटानं सांगितलं होतं. घर बाहेरून तरी बघावं म्हणून मी गल्लीत शिरले. दार उघडं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता.

विकायला काढलेल्या, रिकाम्या घराच्या मधल्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती. मावशी आणि काकू पोळपाट घेऊन समोरासमोर बसल्या होत्या आणि उडदाचे पापड लाटत होत्या. कोपऱ्यात स्टोव्ह, डबे, घडी घातलेली गादी. दोरीवर दोन लुगडी वाळत होती.

मला बघून हसणं थांबलं. मग काकूंनी बाजूचं जास्तीचं लाटणं माझ्याकडं सरकवलं. “आलाच हाव तर बसा. उबं ऱ्हाऊन पापड व्हत न्हाईत.”

मी बसले. लाटी हातात घेतल्यावर विचारलं, “मावशी, तुम्हाला हे घर विकायचंच नाही ना?”

मावशींनी हातातला पापड पुरा केला, ताटात ठेवला. “विकायचं न्हाई असं कसं म्हनू? लेकाला विकायचंय. त्याचं बी खरं हाय. बंद घर खातं.”

“मग?”

“पुन्याला सगळं चांगलं हाय बाई. ल्योक चांगला, सून त्याच्याहून चांगली. रडायला म्हनून कुटं जागा न्हाई. पन हितं यायचं म्हनलं तर लेक इचारतो, आई, काम काय हाय तिकडं? त्याचं चुकत न्हाई. हिच्यासंगं बसायचंय हे काय काम हाय का?” त्यांनी काकूंकडं बघितलं. “गिऱ्हाईक आलं म्हनलं की तो सोता तिकिट काढतो.”

“आणि गिऱ्हाइकानं घर घेतलं असतं तर?”

“म्हनून तर मी हाव की,” काकू म्हणाल्या. “आजवर एक टिकलं न्हाई. तुमीच चिवट निगालाव.”

बसमध्ये मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. ज्या घराचा आम्ही सौदा करत होतो ते त्या दोघींचं भेटायचं ठिकाण होतं, आणि ते विकत घ्यायला निघालेली मी त्यांच्याबरोबर बसून पापड लाटून आले होते. वाईट वाटत होतं. पण घर हवंही होतं. त्या सतरंजीवर बसल्यापासून तर मला ते पूर्वीपेक्षा जास्त हवंसं वाटायला लागलं होतं.

घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं, हललाय. मग म्हणाला, “म्हणजे वस्ती खरंच चांगली आहे!”

मी रात्रभर त्याच्याशी बोलले नाही. सकाळी त्यानंच तोडगा काढला. मागची खोली मावशींच्या नावानं राहू द्यावी, त्या हव्या तेव्हा येतील, हव्या तितक्या राहतील. तो सरकारी माणूस, मनात आलेली दयाही अटी-शर्तींसकट येते. पण दया खरी होती. आम्ही दोघं जाऊन मावशींना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हटलं.

“जिथं सून म्हनून आले, तिथं पावनी म्हनून येऊ?”

सौदा तिथंच राहिला. एजंटानं आम्हाला पुन्हा तुरीकडं न्यायला सुरुवात केली आणि एकदा बोलण्याच्या भरात सांगूनही टाकलं. त्या घराचं गुपित त्याला आधीपासून ठाऊक होतं. “तिथं फिसकटलं की मानूस दमतंय सायब. मग प्लॉट लवकर घेतंय. लय इकलेत तसे.”

त्या थंडीत मावशी अजून एका गिऱ्हाइकाच्या निमित्तानं आल्या. काकू त्या दिवशी जवळच्या चारठाण्याला लग्नाला गेल्या होत्या. मावशी न्हाणीत घसरून पडल्या, मनगट मोडलं. हाकेला यायला शेजारच्या ओट्यावर कुणी नव्हतं. दळण घेऊन जाणाऱ्या बाईला कण्हणं ऐकू आलं तेव्हा दुपार कलली होती. मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. तो रागावला नाही, असं काकू नंतर म्हणाल्या. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असंही म्हणाल्या.

त्यानंतर एक दिवस एजंटाचा नवऱ्याला फोन आला. आवाज घाबराघुबरा. “सायब, म्हातारीनं घात केला.”

“काय केलं?”

“खरं बोलायली.”

झालं होतं ते असं. घर बघायला कुणीतरी आलं आणि काकूंनी ओट्यावर बसून सांगितलं की पाणी चांगलं येतं, गल्लीत चोरचिलट नाही, रात्री-बेरात्री हाक मारली तर चार माणसं धावतात. तेच त्यांनी पुढच्याला सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. वाईट गोष्ट लोक पडताळून बघत नाहीत. चांगली मात्र पडताळली, आणि ती खरी निघाली. बघता बघता घरापुढं मोटारसायकली लागायला लागल्या. पुण्याहून मुलानं भाव वाढवला.

नवरा खचला. जेवताना म्हणाला, “वस्ती लोकांना कळली.” एखाद्या जवळच्या माणसाची बातमी सांगावी तसं म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात मी जिंतूरच्या स्टँडवर बसची वाट बघत होते तर काकू गर्दीतून सरळ माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “ते घर तुमी घ्या.”

“काकू, भाव वाढलाय. आणि तो तुमच्यामुळंच वाढलाय.”

“मला काय ठावं, खऱ्याला इतका भाव असतोय ते! जलमभर फुकटच बोलले.” मग जवळ बसून म्हणाल्या, “माझ्या खोट्यापायीच ती हितं एकली पडली, म्हनून खरं बोलले. आता एक सोयाबीनवाला बगून गेलाय. म्हनला, माल ठिवतो. शेजारी पोती घिऊन काय करू मी? तिला बी फोन लावून सांगितलंय.”

“मावशी काय म्हणाल्या?”

“म्हनली, ती बाई पापड जाड लाटती, पन बसती.”

मावशींनी मुलाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यानं भाव थोडा उतरवला, आम्ही थोडा चढवला. पहिल्या भावापेक्षा पुष्कळ वर आणि शेवटच्या भावापेक्षा जरा खाली, असं ते घर आमचं झालं. रजिस्ट्रीच्या दिवशी मावशी आल्या. मनगटाचं प्लॅस्टर निघालं होतं पण सही वाकडी येत होती. पुन्हा करा, म्हणून साहेबांनी सांगितलं तर म्हणाल्या, “आता सरळ आली तर तुमाला ती माझी वाटायची न्हाई.” ऑफिसमधले सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. त्याच दुपारी गल्लीत न येता परत गेल्या.

आम्ही राहायला आलो आणि तीन महिन्यांत नवऱ्याची बदली गंगाखेडला झाली, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. आता मी अर्ध्या तासात शाळेत पोचते आणि तो माझ्याहून जास्त एसटीत राहतो. मध्यावर घर घेण्याच्या समतेबद्दल तो हल्ली बोलत नाही. शनिवारी ऑफिसातल्या मित्राकडं मासे खाऊन येतो आणि अंगणात शिरण्याआधी बडीशेप चघळतो. काकूंना वास येतोच.

महाशिवरात्रीला मावशी आल्या. देवदर्शन हे कारण मुलाला पटलं होतं. उतरल्या काकूंकडं. आमच्या दारावरून दोनदा गेल्या, मान वळवली नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, “येते की,” आणि आल्या नाहीत. जायच्या आदल्या दिवशी काकूंनी केलेल्या साबुदाण्याच्या चिकोड्या वाळवायला जागा पुरेना, कारण काकूंच्या घरावर पत्रे आहेत. आमच्यावर स्लॅब आहे. त्या निमित्तानं दोघी परात धरून आमच्या घरात शिरल्या आणि सरळ जिन्यानं वर गेल्या.

उतरताना मावशी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. “पिठाचा डबा खिडकीत ठिवलाव व्हय? दुपारचं ऊन येतंय तिथं. कडू हुईल पीठ.”

मी डबा हलवला. त्यांनी आत येऊन तो अजून जरा सरकवला. मग खाली बसल्या आणि काकूही बसल्या. मी चहा ठेवला. नवरा घरी होता. जागांच्या भावाचं वेड अजून गेलेलं नव्हतं, म्हणून त्यानं पुण्यातली त्यांची सोसायटी कशी आहे, तिथं काय भाव चाललाय, असं विचारायला घेतलं.

“भावाचं मला ठावं न्हाई,” मावशी म्हणाल्या. “पन परवा लिफ्टमधी एक बाई भेटली. बोलन्यावरनंच वळखलं. चारठाण्याची निगाली. चवथ्या मजल्यावर असती, दोन वर्सं झालं, मला पत्ताच न्हाई. आता रोज येती माझ्याकडं.”

“बरं झालं की,” मी म्हटलं.

“तिचं बी घर हाय चारठाण्याला. तिच्या बी लेकाला इकायचंय.” मावशींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. “मी म्हनलं, इकायला काढू दे की. तू कायला घाबरतीस? फकस्त शेजारीन कशी हाय तेवडं मला सांग.”